रुंद कंबरेच्या कार्व्हिंग स्कीची पारख

आल्प्स पर्वतातील किंवा उत्तर अमेरिकेतील एखाद्या मोठ्या स्की दुकानात आज जी महागडी स्की प्रगत स्कीपटूंपुढे ठेवली जाते, तिची कंबर, म्हणजे बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग, बहुधा 78 ते 88 मिलिमीटर रुंद असते, तिच्या पोटात लाकडाचा गाभा आणि धातूचे दोन पत्रे असतात, आणि बाइंडिंगसह, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीसह, तिची किंमत हजार अमेरिकी डॉलरच्या वर सहज जाते. स्वित्झर्लंडच्या श्टॉक्ली कंपनीची 83 मिलिमीटर कंबरेची लेझर एआर, जर्मनीतील फोल्कल कंपनीची डीकन 84, हेड कंपनीची सुपरशेप ई-टायटन आणि ऑस्ट्रियातील केस्ट्ले कंपनीची एमएक्स मालिका ही या वर्गातील ठळक नावे राहिली आहेत. या सर्वांचा दावा साधारण एकच असतो : सकाळी यंत्राने दाबून घट्ट केलेल्या उतारावर ही स्की शर्यतीच्या स्कीसारखी कड धरून वळेल, आणि दुपारी तोच उतार शेकडो स्कीपटूंनी उकरून ढिगाऱ्यांचा केला की त्यावरही ती न अडखळता चालेल. या दोन कामांसाठी लागणारे गुण मात्र परस्परविरोधी आहेत. त्यामुळे अशा स्कीची पारख करताना तिने कोणत्या गुणाची किती किंमत मोजून दुसरा गुण मिळवला आहे, हे आधी तपासावे लागते.

त्यासाठी कार्व्हिंग म्हणजे नेमके काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. स्कीपटू वळतो तेव्हा दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात स्की तिरकी होऊन बर्फावर आडवी घासत जाते, वेग कमी होतो आणि मागे पंख्यासारखा रुंद, खरवडलेला पट्टा उरतो. दुसऱ्या प्रकारात स्की एका कडेवर कलते, शरीराच्या भाराने कमानीसारखी वाकते आणि कडेचा पुढचा बिंदू बर्फात जी चर पाडतो, तिच्यातूनच मागचा प्रत्येक बिंदू सरकत जातो. हा दुसरा प्रकार म्हणजे कार्व्हिंग. त्याची खूण बर्फावर स्वच्छ दिसते : दोन बारीक, समांतर, वक्र रेघा, ज्यांची एक भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ असते. ही खूण खोटे बोलत नाही. वळण घेताना स्कीपटूला काहीही वाटलेले असो, उताराच्या तळाशी उभे राहून वर पाहिले की स्की कुठे कापत गेली आणि कुठे घसरली हे रेघेची जाडीच सांगते. चाचणीच्या साधनांत याहून स्वस्त आणि याहून विश्वासार्ह साधन दुसरे नाही.

स्की अशी वक्र चर पाडू शकते याचे कारण तिच्या आकारात आहे. तिचे पुढचे टोक आणि शेपूट रुंद असते व मध्यभाग अरुंद असतो, त्यामुळे तिची प्रत्येक बाजू आत वळलेल्या कंसासारखी दिसते. या कंसाला साइडकट म्हणतात, आणि तो कंस पूर्ण वर्तुळात वाढवला तर त्या वर्तुळाची जी त्रिज्या येईल, ती मीटरमध्ये बहुतेक स्कींवर छापलेली असते. ही त्रिज्या साध्या भूमितीने काढता येते. समजा, एका स्कीचे टोक 130, कंबर 80 आणि शेपूट 114 मिलिमीटर आहे. टोक व शेपटाच्या रुंदीच्या बेरजेतून कंबरेची दुप्पट वजा करून बाकीला चाराने भागले की साइडकटची सरासरी खोली 21 मिलिमीटर येते, आणि बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरून तिच्या वर्गाला या खोलीच्या आठपटीने भागले की त्रिज्या सुमारे 13.4 मीटर मिळते. सपाट स्कीची ही त्रिज्या स्की कलती होताच लहान होते, आणि घट्ट बर्फावर ती कलण्याच्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटते, असे ढोबळमानाने म्हणता येते. म्हणजे स्की 60 अंशांत कलली तर वळणाची त्रिज्या छापील त्रिज्येच्या निम्मी होते. प्रगत स्कीपटू आणि मध्यम दर्जाचा स्कीपटू एकाच स्कीवर वेगवेगळी वळणे का घेतात, याचे बरेचसे उत्तर या एका संबंधात आहे, कारण मोठा कोन साधून तो टिकवणे हेच प्रगत स्कीपटूचे कौशल्य असते. सूत्रात लांबीचा वर्ग येत असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साइडकटची खोली तीच ठेवून टेकणारी लांबी 145 वरून 155 सेंटिमीटर केली तर त्रिज्या सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. म्हणून एकाच नावाच्या स्कीच्या दोन लांब्या या व्यवहारात दोन वेगळ्या स्की असतात, आणि एका लांबीवर दिलेला अभिप्राय दुसऱ्या लांबीला जसाच्या तसा लावता येत नाही.

मध्ये अरुंद आणि टोकांशी रुंद असा हा आकार नवा नाही. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रदेशातील मॉर्गेडाल गावच्या सोंद्रे नूरहाइम यांनी एकोणिसाव्या शतकात अशा स्की वापरल्या आणि 1868 मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथील स्पर्धेत त्यांचे सामर्थ्य दाखवले. त्यानंतरची प्रगती मुख्यतः साहित्याची होती. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी 1920च्या दशकात लाकडी स्कीला पोलादी कड बसवली, तर विमान उद्योगात काम केलेले अमेरिकी अभियंते हॉवर्ड हेड यांनी 1950 च्या सुमारास ॲल्युमिनियमचे पत्रे आणि लाकडी गाभा यांची धातूची स्की बाजारात आणली. साइडकट मात्र अनेक दशके उथळच राहिला. दोन मीटर लांबीच्या सरळसोट स्कींची त्रिज्या बहुधा 40 मीटरच्या पुढे असे आणि शुद्ध कार्व्हिंग ही शर्यतपटूंची मिरास मानली जाई. ही स्थिती 1990च्या दशकात पालटली, आणि त्यात स्लोव्हेनियातील एलान कंपनीचे अभियंते युरी फ्रांको व पाव्हेल श्कोफिच यांनी घडवलेल्या, खोल साइडकटच्या एससीएक्स या स्कीचा वाटा मोठा आहे. त्याच सुमारास दुसरा प्रवाह वाहत होता. ऑस्ट्रियातील ॲटॉमिक कंपनीचे रूपर्ट ह्यूबर यांनी स्नोबोर्ड लांबीने मधोमध कापून दोन रुंद स्की करण्याच्या कल्पनेतून खोल, भुसभुशीत बर्फासाठीची रुंद स्की पुढे आणली. रुंद कंबरेची कार्व्हिंग स्की हे या दोन प्रवाहांचे अपत्य आहे, आणि तिच्यातील ताणही त्या दोघांकडून आलेला आहे.

कंबर रुंद केली की सर्वप्रथम काय बिघडते, हे पाहिल्याशिवाय या वर्गातील कोणत्याही स्कीचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही. घट्ट बर्फावर वळताना स्कीपटूचा जवळजवळ सारा भार वळणाच्या बाहेरच्या स्कीच्या आतील कडेवर येतो. पायाचा मध्य मात्र त्या कडेवर नसतो, तो कंबरेच्या निम्म्या रुंदीइतका दूर असतो. शर्यतीच्या 66 मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर हे अंतर 33 मिलिमीटर असते, 84 मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर 42, आणि 100 मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर 50. बर्फाची प्रतिक्रिया कडेवर आणि शरीराचा भार पायाच्या मध्यावर, अशी ही तरफ तयार होते आणि ती स्कीला पुन्हा सपाट पाडू पाहते. पहिल्या स्कीच्या तुलनेत दुसरीवर ही तरफ सुमारे 27 टक्क्यांनी, तर तिसरीवर निम्म्याहून अधिक वाढते. भार लहान नसतो. ताशी 43 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 12 मीटर या गतीने, 15 मीटर त्रिज्येच्या वळणात जाणाऱ्या स्कीपटूवर बाजूने येणारे त्वरण जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतके असते, त्यामुळे पायांवर त्याच्या वजनाच्या सुमारे 1.4 पट भार पडतो. कडक बुटात घोटा आवळलेला असल्याने तरफेचा हा पीळ वर गुडघ्याकडे जातो. स्लोव्हेनियातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंबरेच्या रुंदीनुसार वळणातील गुडघ्याची हालचाल बदलते असे दाखवून दिले. दिवसभर कडक बर्फावर रुंद स्की वापरल्यानंतर जाणवणारी गुडघ्याच्या आतील बाजूची थकावट हा म्हणूनच निव्वळ मनाचा खेळ मानता येत नाही.

दुसरा तोटा वेळेचा आहे. एका वळणातून दुसऱ्यात जाताना भार एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यावा लागतो आणि कंबर जितकी रुंद तितका हा प्रवास लांबतो. मोठ्या, संथ वळणांत हा फरक जाणवत नाही, परंतु अरुंद आणि तीव्र उतारावर लागोपाठ लहान वळणे घेताना तो लगेच उघडा पडतो. स्लॅलम शर्यतीच्या स्की अरुंद असतात त्या याच कारणाने.

आता जमेची बाजू. दुपारच्या बर्फात घट्ट तळ, सैल ढीग आणि मध्येच उघडा पडलेला गुळगुळीत बर्फाचा चट्टा हे सारे एकाच वळणात भेटते. अरुंद स्की ढिगात खोल घुसते आणि तिचा वेग झटक्याने तुटतो, तर रुंद स्की आपला भार अधिक क्षेत्रावर पसरवून ढिगाच्या वरच्या थरातून निघून जाते. मऊ बर्फात कड आत बुडाल्याने तळाचाही आधार मिळतो, त्यामुळे वर सांगितलेली तरफ तेथे आखूड होते आणि घट्ट बर्फावर गुडघ्याला जाचणारी स्की तेथे सुखाची वाटते. रुंदीचा आणखी एक लाभ फारसा चर्चिला जात नाही. स्की फार कलवली की बुटाचे बाजूचे कवच बर्फाला टेकते, कड उचलली जाते आणि स्कीपटू क्षणात कोसळतो. कंबर रुंद असेल तर बूट बर्फाला टेकण्याआधी अधिक कोन साधता येतो. अरुंद स्कीवर हीच सोय बाइंडिंगखाली जाड पट्टी बसवून करावी लागते, आणि शर्यतीत त्या उंचीला आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने 50 मिलिमीटरची मर्यादा घातली आहे.

रुंदीने होणारे नुकसान भरून काढण्याचे काम बांधणीला करावे लागते, आणि ग्राहक जी जास्तीची किंमत मोजतो ती खरे तर याच कामाची असते. पहिला मुद्दा पिळाचा. स्की कडेवर असताना तिच्या रुंद टोकाला बर्फ वर ढकलतो आणि टोक, ओले कापड पिळावे तसे, कंबरेच्या तुलनेत उलट फिरू पाहते. ते थोडे जरी फिरले तरी तेथील कडेचा कोन घटतो, टोक सुटते आणि कापणारी चर पुसट होते. रुंदी वाढली की पिळणारी शक्तीही वाढते, म्हणून रुंद स्कीला अरुंद स्कीपेक्षा पिळाला अधिक विरोध करणारी बांधणी लागते. काचतंतूंचे थर लांबीशी 45 अंशांत आडवेतिडवे बसवून आणि गाभ्याच्या वर-खाली टायटॅनल या धातूचे पत्रे चिकटवून हा विरोध मिळवला जातो. टायटॅनल या नावामुळे अनेक खरेदीदारांचा त्यात टायटॅनियम असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते ऑस्ट्रियातील रान्सहोफेन येथील अमाग कंपनीचे उच्च ताकदीचे ॲल्युमिनियम संमिश्र आहे, आणि ताकदीइतकाच त्याचा मोठा गुण म्हणजे ते वाकून पुन्हा मूळ आकारात येताना स्कीला शांत ठेवते. काही कंपन्या पूर्ण रुंदीचा पत्रा वापरतात, तर फोल्कलसारखी कंपनी तो कडांलगत चौकटीसारखा ठेवून मध्यभाग मोकळा सोडते, जेणेकरून पिळाचा विरोध टिकतो पण स्की सहज वाकते.

दुसरा मुद्दा वाकण्याचा. पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी केवळ 10 टक्क्यांनी वाढवली तर ताठपणा सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो. बीच, ॲश किंवा पॉप्लर लाकडाचा गाभा टोकापासून शेपटापर्यंत किती काटेकोर तासला आहे यावर स्कीचा स्वभाव ठरतो तो या घनामुळे. उत्तम स्कीमध्ये जोडीतील दोन्ही नग सारखेच वाकतात. स्वस्त उत्पादनात डावी-उजवीत फरक राहतो आणि एका बाजूची वळणे दुसऱ्या बाजूपेक्षा चांगली का होतात याचे कोडे स्कीपटूला सुटत नाही. हा ताठपणा आज मोजता येतो. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कीच्या संपूर्ण लांबीवर वाकण्याचा आणि पिळाचा विरोध मोजणारे यंत्र विकसित केले आहे, आणि अशा मोजमापांमुळे मऊ, कडक, जिवंत, शांत यांसारख्या परीक्षकांच्या विशेषणांना आकड्यांचा आधार मिळू लागला आहे. कंपन्यांनी हे आकडे त्रिज्येप्रमाणेच स्कीवर छापायला हवेत. हजार डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाला रुंदी आणि वजन सांगायचे पण ताठपणा सांगायचा नाही, ही रीत आता टिकवण्यासारखी नाही.

तिसरा मुद्दा कंपनांचा. कडक, खडबडीत बर्फावर वेगाने जाताना स्की थरथरते आणि प्रत्येक थरथरीत कड क्षणभर बर्फापासून सुटते. वजन, धातू आणि थरांमधील रबराच्या पट्ट्या ही थरथर शमवतात. म्हणूनच या वर्गातील स्कीचे एकेका नगाचे वजन दोन किलोच्या आसपास जाते, आणि चढावर चालण्यासाठीच्या स्कींत जो हलकेपणा गुण ठरतो तोच येथे दोष ठरू शकतो. वजन टोकाशी साचले तर मात्र स्की फिरवायला जड होते. केस्ट्ले कंपनीने आपल्या स्कींच्या टोकाला कोरून पोकळी ठेवली ती या अडचणीवरचा एक उपाय म्हणून, आणि त्या कंपनीच्या स्की लांबूनही ओळखू येतात त्या त्याच पोकळीमुळे.

बर्फावर जाण्यापूर्वी दुकानातच बरेच काही पाहून घेता येते. जोडीतील दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. मध्यभागी जी फट दिसते ती कॅम्बर, म्हणजे स्कीची वर उचललेली कमान. तिच्यामुळे भार टोक आणि शेपटाकडे पसरतो. फट दोन्ही हातांनी दाबून मिटवली की टोकांकडे तळ एकमेकांपासून कुठे सुटू लागतात ते पाहावे. ते अगदी टोकाजवळ सुटत असतील तर स्कीची जवळजवळ सारी कड घट्ट बर्फावर कामी येईल; हातभर आधीच सुटत असतील तर टोकाला रॉकर, म्हणजे लवकर वर वळणारा उठाव, मोठा आहे. थोडा रॉकर ढिगाऱ्यांत टोक अडकू देत नाही आणि वळणाची सुरुवात सोपी करतो, फार रॉकर कार्व्हिंगची लांबी खातो. पुढे टोक एका हाताने धरून शेपूट जमिनीवर टेकवावे आणि दुसऱ्या हाताने कंबर दाबावी : स्की एकसंध कमानीत वाकावी, बुटाखाली फळीसारखी ताठ राहून टोकाशी एकदम मोडल्यासारखी वाकू नये. मग टोक दोन्ही हातांनी पिळून पाहावे. चांगल्या रुंद कार्व्हिंग स्कीचे टोक हाताच्या ताकदीला जवळजवळ दाद देत नाही. शेवटी तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टी आणि तळ यांच्यामधून मध्येच उजेड येत असेल तर तळ खोलगट झाला आहे आणि ती स्की घासून सपाट केल्याशिवाय नीट चालणार नाही. नवी आणि महाग स्कीदेखील या कसोटीत कधी कधी नापास होते.

कडेचे कोन हा असाच दुर्लक्षित विषय. तळाकडील बाजूस कड साधारण अर्धा ते एक अंश वर उचलून आणि बाहेरील बाजूस दोन ते तीन अंश आत घेऊन धार लावतात. तळाकडचा कोन एक अंशाऐवजी दोन अंश झाला तर स्की उशिरा चावते आणि परीक्षक तिला आळशी म्हणून मोकळा होतो. तो अर्धा अंश ठेवला तर तीच स्की तडफदार, प्रसंगी चिडखोरही वाटते. दोन स्कींची तुलना करताना धार, मेण, बाइंडिंगची जागा आणि लांबी एकसारखी नसेल तर ती तुलना स्कींची न होता कार्यशाळेतील कारागिरांची होते. भाड्याच्या स्कींवरील मागे-पुढे सरकणारी बाइंडिंग जड आणि उंच असते, तिचाही हिशेब धरावा लागतो.

प्रत्यक्ष चाचणीत क्रमाला महत्त्व आहे. पहिली फेरी मंद वेगाची असावी, कारण वेगाने पुष्कळ दोष झाकले जातात. सौम्य उतारावर दोन्ही स्की नुसत्या कलवून, शरीराने काहीही न ढकलता, त्या आपल्या छापील त्रिज्येच्या आसपास वळतात का, हे पाहावे. जी स्की येथे वळत नाही आणि केवळ मोठ्या वेगातच जागी होते, ती फार ताठ आहे. तिचे कौतुक करणारे बहुधा वजनाने भारी किंवा शर्यतीत घडलेले असतात. नंतर तीव्र, घट्ट उतारावर मध्यम वळणे घ्यावीत आणि लक्ष वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागाकडे द्यावे. तेथे भार सर्वाधिक असतो, आणि पिळाला कमी पडणारी रुंद स्की तेथेच कुरकुरत, छोट्या छोट्या टप्प्यांनी खाली सरकते. मागे उरलेली रेघ येथे पुन्हा वाचावी : वळणाच्या मध्यापर्यंत बारीक आणि शेवटी फाटलेली रेघ दिसली, आणि दुसऱ्या स्कीवर त्याच जागी ती अखंड राहिली, तर दोष बहुतांशी पहिल्या स्कीचा, दोन्हींवर फाटली तर स्कीपटूचा. त्यानंतर लहान वळणांची मालिका. रुंदीचा वेळखाऊपणा येथे मोजला जातो, आणि कंबर 88 मिलिमीटरच्या पुढे गेली की बहुतेक सामान्य वजनाच्या स्कीपटूंची लय येथे तुटू लागते.

खरी निर्णायक फेरी मात्र दुपारची. तोच उतार, तीच स्की, तोच स्कीपटू, फक्त बर्फ उकरलेला आणि पाय थकलेले. अनेक चाचण्या सकाळच्या सुरेख बर्फावर उरकल्या जातात आणि त्यामुळे या वर्गाचा मूळ दावाच अतपासलेला राहतो. सकाळी तर अरुंद कार्व्हिंग स्की जिंकणारच. त्यासाठी रुंद स्की घेण्याचे कारण नाही. दुपारी ढिगात शिरताना टोक किती झटका देते, कड सुटली तर किती सहज परत धरते आणि थकलेल्या पायाने झालेली चूक स्की किती पोटात घालते, यावर रुंदीचे मोल ठरते. अनेक परीक्षकांचे गुण एकत्र करून काढलेली सरासरी येथे फारशी उपयोगाची नसते. 95 किलोच्या परीक्षकाला जी स्की मऊ वाटते तीच 60 किलोच्या परीक्षकाला ताठ वाटते, आणि दोघांच्या गुणांची सरासरी कोणाच्याच कामाची राहत नाही. अभिप्राय देणाऱ्याचे वजन, उंची आणि त्याने वापरलेली लांबी छापलेली नसेल तर तो अभिप्राय अपुरा समजावा.

महाराष्ट्रात बर्फाचे उतार नाहीत, तरी झुरिक, म्युनिक, टोरंटो किंवा डेन्व्हरच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय दूरचा नाही, आणि हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्यांसाठीही नाही. भारतातील परिस्थितीचा विचार वेगळा करावा लागतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवात पर्वतावर 3,900 मीटरहून अधिक उंचीवर नेतो, आणि तेथून खाली येणारे बहुतेक उतार यंत्राने न दाबलेले, खोल बर्फाचे असतात. अशा जागी 84 मिलिमीटरची कार्व्हिंग स्की अपुरी पडते. तेथे 100 मिलिमीटरच्या वरची, कमी साइडकटची आणि मोठ्या रॉकरची स्की योग्य. गुलमर्ग परिसरातलेच आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या शर्यतींत उतरले, त्या शर्यतींच्या स्की याच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या : अरुंद, ताठ आणि केवळ घट्ट बर्फासाठीच्या. रुंद कार्व्हिंग स्की या दोन टोकांच्या मधली आहे, आणि तिचे खरे घर युरोप-अमेरिकेतील मोठ्या, रोज रात्री दाबल्या जाणाऱ्या उतारांवर आहे.

एक बाब सुरक्षिततेची. स्की कितीही उत्तम असली तरी पडताना बूट सोडण्याचे काम बाइंडिंगचे असते, आणि ती किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून आंतरराष्ट्रीय मानक 11088 नुसार ठरते. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. बुटाचा तळवा जुन्या सपाट प्रकारचा आहे की चालण्यास सोयीच्या ग्रिपवॉक प्रकारचा, हे बाइंडिंगशी जुळवून पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण न जुळणारी जोडी चाचणीत उत्तम वाटूनही अपघातात दगा देऊ शकते.

या सर्व कसोट्या लावल्यानंतर निष्कर्ष असा निघतो की जो प्रगत स्कीपटू दिवसाचा बहुतेक वेळ दाबलेल्या उतारांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घालवतो आणि एकच जोडी बाळगू इच्छितो, त्याच्यासाठी 78 ते 84 मिलिमीटर कंबरेची, पिळाला ताठ आणि वाकण्यास मध्यम अशी धातूयुक्त स्की आज उपलब्ध असलेली सर्वांत शहाणी निवड आहे, आणि तिची वाढीव किंमत समर्थनीय आहे. ज्याला दुपारी बारानंतर उतारावर राहायचेच नाही, किंवा ज्याच्या गुडघ्याला पूर्वी इजा झाली आहे, त्याने 72 मिलिमीटरच्या आसपासची अरुंद कार्व्हिंग स्की घ्यावी आणि पैसे वाचवावेत. 88 मिलिमीटरच्या पुढची स्की कार्व्हिंग स्की म्हणून विकली जात असेल तर ती घेण्यापूर्वी घट्ट बर्फावर चालवून पाहावी. आणि कोणतीही स्की घेताना ती किमान एक पूर्ण दिवस, शक्य तर दोन लांब्यांमध्ये, भाड्याने वापरावी. बऱ्याच स्की दुकानांत हे भाडे पुढे खरेदीच्या किमतीतून वजा करून मिळते, याची चौकशी आधीच करून ठेवावी.